डायबेटिस नुकताच निघालाय? पहिल्या तीन महिन्यांत काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

ज्यांच्या घरात नुकतीच कोणाला तरी शुगर निघालीये त्यांच्यासाठी हे लिहितेय, मोठं आहे पण वाचा, आणि घरात जो स्वयंपाक करतो त्याला तर नक्की वाचायला द्या. आमच्याकडे आधी सासूबाई आणि नंतर माझा नवरा असे दोघं आहेत, दोघांचं खाणंपिणं, गोळ्या, तपासण्या मीच बघते. मी डॉक्टर नाही. गोळी कुठली आणि किती हे तुमचे डॉक्टर सांगणार, मी सांगतेय ते घरात हे सगळं बसवायचं कसं. आणि हे टाइप २ बद्दल आहे, बहुतेकांना मोठेपणी होतो तो.

रिपोर्ट आल्यावर पहिल्या आठवड्यात घरोघरी एकच चालतं, भात बंद, साखर बंद, फळं बंद, पहाटे पाचला चालायला, वर कारल्याचा रस आणि मेथीचं पाणी, सगळं एकदम. ते टिकत नाही हो. माणूस वैतागतो आणि मग एक दिवस सगळंच सोडून देतो. त्यापेक्षा एका वेळी एक गोष्ट बदला, ती मीटरवर तपासा आणि ती सगळ्या घराने मिळून बदला. एकट्याच्या ताटात वेगळं वाढायला लागलात की तो माणूस घरातल्या घरात पाहुणा होतो, आणि मग बाहेर जाऊन वडापाव खातो.

आधी रिपोर्ट समजून घ्या

उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आलं की डायबेटिस म्हणतात. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. काही त्रास नसताना एकाच रिपोर्टवर शिक्का बसत नाही, दुसरी टेस्ट करून खात्री करतात, तशी केलीये का ते विचारा. एचबीए१सी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी असते, म्हणून टेस्टच्या आदल्या दिवशी उपाशी राहून ती फसत नाही. ७ आलं तर सरासरी शुगर १५४ च्या आसपास, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. पण रक्त कमी असेल, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार असतील (आपल्याकडे विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल बऱ्याच जणांना असतो) तर हा आकडा दिशाभूल करू शकतो, डॉक्टरांना ते आधीच सांगा.

"पण मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?" हे खूप ऐकायला मिळतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी याज्ञिकांच्यात २१.२ टक्के आणि युडकिन यांच्यात ९.१ टक्के. आपली चरबी पोटात साठते, वजनकाटा ते सांगत नाही. म्हणून घरातली शिवणाची टेप घ्या आणि कंबर मोजा, पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर पोट कमी करायचंय हे धरून चाला. आणि २०२३ मध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा देशभरातला सर्व्हे आला त्यात भारतात १० कोटींवर लोकांना डायबेटिस असल्याचं निघालं, गोव्याचा नंबर सगळ्यात वर, २६ टक्क्यांच्या पुढे. तुमचंच काहीतरी चुकलं म्हणून झाला असं मनाला लावून घेऊ नका.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. वय कमी आहे, वजन भराभर उतरतंय, तहान भागत नाही, रात्रभर लघवीला उठावं लागतंय, तर हा टाइप १ (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) किंवा त्याच्या जवळचा प्रकार असू शकतो, डॉक्टरांना कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात-लघवीत वाढतात ते) तपासायला सांगा. आणि उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, ग्लानी असं काही असेल तर वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

मीटर घ्या, आणि त्याच्याकडून शिका

ग्लुकोमीटर घेताना मशीनची किंमत बघू नका, स्ट्रिपची बघा, कारण मशीन एकदाच घ्यायचं असतं आणि स्ट्रिप कायम लागतात. तुमच्या जवळच्या मेडिकलमध्ये ज्या कंपनीच्या स्ट्रिप नेहमी मिळतात तेच मशीन बरं. डबीचं झाकण लगेच घट्ट लावा, पावसाळ्यात दमट हवेने स्ट्रिप खराब होतात, कोकणात तर विचारूच नका.

बोट टोचायच्या आधी हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करायचे. आंबा नाहीतर केळं सोललेल्या हाताने तपासलं तर मीटर भलताच आकडा दाखवतो आणि घरात उगाच घबराट. बोटाच्या मधोमध टोचू नका, तिथे दुखतं, कडेला टोचा, हात खाली सोडून थोडा हलवला की थेंब सहज येतो. रोज बोट बदला.

आता महत्त्वाचं. नुसती सकाळची उपाशीपोटी तपासून वहीत लिहीत बसण्यात फार काही कळत नाही. जोडीने तपासा, जेवायच्या आधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा, एका दिवशी एकाच जेवणाचं तपासलं तरी पुरे. या आठवड्यात नाश्ता बघा, पुढच्या आठवड्यात दुपारचं जेवण. साधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं ध्येय असतं, वयस्कर माणसांना डॉक्टर जरा सैल ठेवतात, आमच्या सासूबाईंना तसंच सांगितलंय. वहीत आकड्याशेजारी काय खाल्लं ते लिहा, नुसत्या आकड्यांवरून डॉक्टरांनाही काही कळत नाही.

आमच्याकडे या जोडीच्या तपासणीनेच सगळ्यात जास्त उजेड पाडला. नवऱ्याचे रविवारचे पोहे, मोठी डिश भरून, वर शेव आणि सोबत साखरेचा चहा, दोन तासांनी शुगर दोनशेच्या वर. मग मी पोहे निम्मे केले, त्यात मटार, गाजर, शेंगदाणे भरपूर, आणि डिशच्या आधी एक वाटी मोड आलेल्या मटकीची उसळ द्यायला लागले, चहा बिनसाखरेचा. आकडा स्वच्छ खाली आला. पोहे बंद केले नाहीत, आणि मुलांनाही तीच डिश मिळते.

ताट कसं बदलायचं

साधा हिशोब असा की ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबीर, पाव भाग डाळ-उसळ-अंडी-मासे-पनीर यातलं काहीतरी, आणि उरलेल्या पाव भागात पोळी, भाकरी किंवा भात. आपलं ताट नेमकं उलटं असतं. तीन पोळ्या, वर भात, वरण पातळ, भाजीत बटाटा आणि कोशिंबीर म्हणजे चमचाभर. बटाटा भाजीत धरायचा नाही, तो पोळीच्या बाजूला मोजायचा.

वाढताना क्रम बदला, हे फुकट आहे आणि उपयोग खूप. आधी कोशिंबीर आणि भाजी-उसळ थोडी खायची, मग पोळीला हात लावायचा. तेच जेवण, पण शुगर कमी चढते.

ज्वारीची भाकरी खाल्ली की शुगर वाढत नाही असं सरसकट सांगितलं जातं, तर तसं नाहीये. फायबर जास्त, पोट भरल्यासारखं वाटतं, ते बरोबर, पण एका भाकरीला दोन फुलक्यांएवढं किंवा जास्तच पीठ लागतं, घरात वजनकाटा असेल तर गोळा मोजून बघा. दोन भाकरी खाल्ल्या तर चार-पाच फुलके झाले. नाचणी, बाजरी सगळ्यांचं तेच. चांगलं धान्य आहे पण मोजून. भातसुद्धा बंद करायची गरज नाही, एक ठराविक वाटी ठेवा, आमच्याकडे स्टीलची एक छोटी वाटी त्यासाठीच आहे, भात तिच्यातूनच वाढायचा. आणि ज्या जेवणात भात त्या जेवणात पोळी एक कमी.

गूळ, मध, खडीसाखर, सगळं साखरच. गुळाचा चहा म्हणजे पथ्याचा चहा ही समजूत मनातून काढून टाका. चहाचा हिशोब तर एकदा कराच, दिवसाला चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे आठ चमचे साखर. एकदम बंद करवत नसेल तर आठवड्याला अर्धा अर्धा चमचा कमी करत जा, महिनाभरात जीभ बदलते, नंतर गोड चहा तोंडात धरवत नाही. सोबतची मारी बिस्किटं, टोस्ट, खारी हा मैदा आहे, डायबेटिसच्या नावाने मिळणारी बिस्किटंसुद्धा मैदाच असतात बहुतेक वेळा. त्याऐवजी मूठभर फुटाणे नाहीतर शेंगदाणे.

फळ खायचं, रस नाही. पेरू, पपई, जांभूळ, संत्रं चालतं, एका वेळी एक छोटं फळ, जेवणाला लागून नको, मधल्या वेळेत. चिकू, सीताफळ, द्राक्षं अगदी थोडी. आणि हापूस? मे महिन्यात मराठी माणसाला आंबा बंद सांगणं म्हणजे भांडणच, अपवाद म्हणून दोन-तीन फोडी जेवताना खा आणि त्या जेवणात एक पोळी कमी करा, दोन तासांनी तपासून बघा. आमरसाची वाटी मात्र सोडा, त्यात किती आंबे गेले ते कळत पण नाही.

नाश्त्याला मुगाची धिरडी, भाज्या घातलेलं थालीपीठ आणि दही, अंड्याची पोळी, डाळी जास्त घातलेले आप्पे, यातलं काहीही. रात्रीचं जेवण साडेसात-आठपर्यंत उरकता आलं तर सकाळची उपाशीपोटीची शुगर सुधारते असा आमचा तरी अनुभव आहे.

उपास

खरं तर उपासाच्याच दिवशी शुगर जास्त बिघडते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, त्यात बटाटा, सोबत रताळ्याचा किस आणि खजूर, सगळं एकाच दिवशी. उपास करायचाच असेल तर थोडी भगर, दाण्याची आमटी, दही, ताक, काकडी, राजगिऱ्याची भाकरी असा करा. निर्जळी नको. आणि गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड असेल किंवा इन्सुलिन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चतुर्थी असो की नवरात्र, उपाशी राहायचंच नाही, शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांच्या आत, ही डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत आपल्याकडे घरोघरी माहिती आहे आणि बरेच जण करतात, पण गोळी चालू असताना ती स्वतःच्या मनाने सुरू करू नका, आधी डोस बदलून घ्यावा लागतो.

गोळ्या

पाकिटावरचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते वाचून वहीत लिहून ठेवा. मेटफॉर्मिन असेल तर जेवणासोबत किंवा नंतर, सुरुवातीला पोट बिघडतं, गॅस होतो, जुलाब होतात, बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं तर गोळी सोडू नका, हळूहळू विरघळणारी मिळते ती मागा. वर्षानुवर्षं घेतल्यावर बी१२ कमी होऊ शकतं, ते मधूनमधून तपासा, शाकाहारी लोकांनी तर जास्तच. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर लघवीतून साखर जाते, त्यामुळे खाज, इन्फेक्शन होऊ शकतं, स्वच्छता आणि पाणी दोन्ही सांभाळा, लाजू नका, डॉक्टरांना सांगा. जुलाब-उलट्या झाल्या, जेवण जात नाहीये, ऑपरेशन ठरलंय, तर कुठल्या गोळ्या थांबवायच्या ते फोन करून विचारा. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने कधीच थांबवायचं नाही.

गोळी एकदा लागली की कायमची म्हणून लोक सुरूच करत नाहीत. या भीतीत महत्त्वाची वर्षं हातची जातात. ब्रिटनमध्ये १९७७ पासून यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास झाला, नुकताच डायबेटिस निघालेल्या लोकांवर. ज्यांची शुगर सुरुवातीपासून नीट ठेवली त्यांना त्याचा फायदा अभ्यास संपल्यावर दहा वर्षांनीही मिळत होता, नंतर त्यांची आणि अभ्यासातल्या बाकीच्यांची शुगर सारखी झाली असूनसुद्धा. आणि गोळी सुटूही शकते. २०१७ मध्ये तिथल्याच डायरेक्ट नावाच्या अभ्यासात डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांचा डायबेटिस वर्षभराने गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. ती जाड शरीराची माणसं होती, डायबेटिस होऊन सहा वर्षांच्या आतली, म्हणून सगळ्यांना जमेल असं मी म्हणणार नाही, पण वजन जास्त असेल तर लवकर कामाला लागा.

खर्चाचं म्हणाल तर जनऔषधी केंद्रात याच गोळ्या जेनेरिकमध्ये बऱ्याच स्वस्त मिळतात, आणि सरकारी दवाखान्यांत शुगर-बीपीची तपासणी आणि साध्या गोळ्या मोफत असतात, चौकशी करा.

काढे, पावडरी, आठ दिवसांत डायबेटिस मुळापासून घालवणारे, यांच्या नादी लागून गोळी बंद करू नका. कारल्याची भाजी, मेथ्या हे अन्न म्हणून छान आहे. दुधीचा रस घेणाऱ्यांनी मात्र एक जपा, रस कडू लागला तर तो लगेच थुंकून टाका, कडू दुधी विषारी असतो, माणसं दगावलेली आहेत.

शुगर लो झाली तर

घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड, डोळ्यापुढे अंधारी. तपासून बघा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, नसेल चढली तर परत तेच. मग काहीतरी खा. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर हळू चढते. मीटर हाताशी नसेल तर आधी साखर, तपासणी नंतर. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासात जाईल, सरळ हॉस्पिटल. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवाल्यांनी पाकिटात, गाडीत साखरेच्या पुड्या ठेवायच्याच.

यात एक गंमत होते ती आधी माहिती असलेली बरी. कित्येक महिने शुगर २५०-३०० असलेल्या शरीराला ११० सुद्धा लो वाटतं, अगदी तशीच थरथर होते. म्हणून आकडा बघा, ७० च्या वर असेल तर साखर खाऊ नका, जेवणाची वेळ असेल तर जेवा, काही दिवसांत शरीर सरावतं. तसंच नजरेचं, शुगर उतरायला लागली की धूसर दिसतं, चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटतो. लगेच नवीन चष्मा करू नका, शुगर महिना-दोन महिने स्थिर राहू दे.

चालणं

शतपावली हा शब्द आपल्याकडे उगाच नाही आलेला. जेवण झाल्यावर सोफ्यावर न बसता दहा-पंधरा मिनिटं चाला, पायातले स्नायू रक्तातली साखर तिथल्या तिथे वापरतात. सकाळच्या चालण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे, आणि दोन्ही जमत नसेल तर मी तरी जेवणानंतरचंच चालायला सांगेन. आठवड्याला एकूण १५० मिनिटं व्हायला हवीत. त्याबरोबर दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम, खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं, घरात होतं सगळं.

पाय, डोळे, किडनी

पायाकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि मग तिथूनच सगळं सुरू होतं. रोज रात्री पाय धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे आरशात बघा किंवा घरातल्या कोणाला तरी बघायला सांगा. पावसाळ्यात चिखल्या झाल्या, भेगा पडल्या तर लगेच उपाय. कुरूप ब्लेडने कापायचं नाही, त्यावर कॉर्नच्या पट्ट्या लावायच्या नाहीत. गरम पाण्याच्या पिशवीने तळपाय शेकायचे नाहीत, संवेदना कमी असेल तर भाजलेलं कळतही नाही. नवरात्रातलं अनवाणी चालणं सोडा, देवळाच्या तापलेल्या फरशीवर निदान मोजे घाला. घरातसुद्धा चप्पल वापरा, एमसीआर या मऊ रबराची मिळते.

टाइप २ कधी सुरू झाला ते नेमकं कळत नाही, म्हणून निघाल्या निघाल्याच या तपासण्या एकदा करायच्या आणि मग दरवर्षी. थेंब घालून डोळ्याचा पडदा (त्या दिवशी गाडी चालवू नका, कोणाला तरी सोबत न्या), लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन (ही दोन्ही किडनीसाठी), कोलेस्टेरॉल, पायाच्या संवेदनेची टेस्ट. बीपी प्रत्येक भेटीत. दातांच्या डॉक्टरांकडेही जाऊन या, हिरड्या सुजलेल्या असल्या की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो. सिगारेट, तंबाखू, मशेरी असेल तर तिचंही डॉक्टरांशी बोला, पायाच्या रक्तवाहिन्यांना ती फार वाईट.

माणसं

"एका मोदकाने काय होतंय" म्हणणारे नातेवाईक सगळ्यांकडेच असतात. त्यांच्याशी वाद घालू नका. "आत्ताच झालंय काकू, घरी नेते" म्हणा आणि डब्यात घ्या. स्वतःच्या घरी गणपतीला एक मोदक खायचाच आहे ना, मग जेवणाच्या शेवटी खा, भाताच्या ऐवजी, आणि चालून या. लपून खाणं हे सगळ्यात वाईट, आणि ते घरच्यांनी सारखं टोकल्यामुळे होतं. स्वयंपाक करणाऱ्यांना माझं एवढंच कळकळीचं सांगणं आहे की आकडा वाढला म्हणून चारचौघांत बोलू नका, दुसऱ्या दिवशीच्या ताटात काय बदलायचं ते दोघं मिळून ठरवा. सुरुवातीचे काही आठवडे माणूस गप्प गप्प असतो, झोप लागत नाही, ते लांबत गेलं तर डॉक्टरांना तेही सांगा, शुगरइतकंच ते खरं दुखणं आहे. आणि भाऊ-बहिणींनी, मोठ्या मुलांनी एकदा आपली शुगर तपासून घ्या.

तीन महिन्यांनी परत एचबीए१सी होईल. त्या भेटीला वही, मीटर, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये घालून न्या. प्रश्न आधीच कागदावर लिहा, माझं एचबीए१सी किती असायला हवं, कुठल्या गोळीने शुगर लो होऊ शकते, आजारी पडलो तर काय थांबवायचं, फ्लू आणि न्यूमोनियाची लस घ्यायची का. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे, अगदी गुडघ्यात इंजेक्शन घ्यायला गेलात तरी, डायबेटिस आहे हे आधी सांगा, स्टेरॉइडने शुगर खूप वाढते, आणि दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने आणून घेऊ नका, किडनीवर ताण येतो.